बसणे विसरलेला कर्मयोगी

बाबा आमटे यांच्या उत्तरायुष्यातील छायाचित्रे पाहिली की ते एकतर उभे दिसतात किंवा खाटेवर आडवे. बसलेले बाबा त्यांत सापडणे कठीण. मानेच्या व कमरेच्या मणक्यांची झीज होत गेल्याने त्यांना बसणेच अशक्य झाले होते. बसून जेवणे, बसून लिहिणे, आल्या-गेल्यासमोर मांडी घालून गप्पा मारणे हे सारे सुख त्यांच्या वाट्यातून हळूहळू निघून गेले.

हे ज्या देहाच्या वाट्याला आले, तो मुळात दणकट होता. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे जमीनदार घराण्यात जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे तारुण्यात शिकारीचे आणि मोटारींचे शौकीन होते. पुढे वरोऱ्यात वकिली करतानाच त्यांनी सफाई कामगारांना संघटित केले आणि स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले, तेव्हा खडकाळ रानात विहीर खोदण्यापासून सारी कामे अंगमेहनतीचीच होती. अशा माणसाला कंबरेला पट्टा बांधून पडून राहावे लागणे म्हणजे नुसते दुखणे नव्हे, ती ओळखच हिरावली जाणे होते.

मणक्याचा आजार वा इजा झालेल्यांना वेदनेइतकेच छळते ते परावलंबन. चिडचिड, दुःख, आपण ओझे झालो ही टोचणी ठरलेल्या क्रमाने येतेच असे नाही. मावळलेली पुन्हा उसळतेही. बाबांच्या चरित्रात भीतीचा एक धडा फार आधी येऊन गेला होता. वरोऱ्यात पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण पाहून ते घाबरून पळाले आणि त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. ते परतले, त्याची शुश्रूषा केली. झडलेल्या देहाकडे न पळता पाहण्याची सवय तेथून लागली. स्वतःचा देह ढासळू लागला तेव्हा तीच कामी आली असावी, असे मानायला जागा आहे.

शिवाय ते ज्यांच्यात राहत होते, त्यांपैकी अनेकांना बोटे नव्हती. बोटे नसलेले हात माग चालवीत, शेती करीत. आनंदवनातील संधिनिकेतनात अपंगांना कामाचे शिक्षण मिळत असे. तेथे व्यंग ही अपवादात्मक गोष्टच नव्हती. बाबांच्या जिद्दीचे गोडवे गाताना ही बाजू बहुधा सुटते. त्यांच्याभोवती साधनाताई होत्या, कार्यकर्ते होते, आणि त्यांच्या पाठीच्या सोयीने मांडलेली व्यवस्था होती. गावाकडे मणका मोडून घरात पडून असलेल्याला यातले काहीच मिळत नाही.

१९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. पावसाळ्यात नद्यांनी तुटणाऱ्या त्या भागातील माडिया-गोंडांची सेवा पुत्र प्रकाश आणि स्नुषा मंदाकिनी यांनी अंगावर घेतली. बापाने पाहिलेले काम मुलांच्या हाती गेले. सतत स्वतः पुढे असणाऱ्या माणसाला हेही शिकावेच लागते.

मात्र अंथरुण म्हणजे निवृत्ती, हे बाबांनी मान्य केले नाही. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि बाबा खाट बसवलेल्या वाहनातून, आडवे होऊन. सभेच्या वेळी ते उभे राहत, पुन्हा आडवे होत. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून ओख्याला गेली. आयुष्यभर दोनच अवस्था उरल्या तर त्यांतच काय काय बसवता येईल, याचा तो हिशेब होता. दुखणे त्याने कमी झाले नाही.

१९९० मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदाकाठी राहायला गेले. धरणाखाली बुडणाऱ्या गावांची बाजू त्यांनी तेथील खाटेवरून सुमारे दशकभर लावून धरली. साधनाताई सोबत होत्या. नंतर ते आनंदवनात परतले. अखेरच्या काळात रक्ताच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला नाही. कुष्ठरुग्णांनी फुलवलेल्या आनंदवनाच्या मातीतच त्यांचे दफन झाले.