छत्र कुणाचे, दांडा कुणाच्या हाती?

शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच टिपणारी यंत्रणा देशाला हवी का, ती परवडेल का, स्वतः उभारावी की विकत घ्यावी, या वादाला पुन्हा रंग चढला आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ योजनेची घोषणा झाली; २०३५ पर्यंत ती पुरी करायची आहे. आमच्या वसमतच्या चहाच्या टपरीवरही मी हा वाद ऐकतो. अशा वेळी मला यशवंतराव चव्हाण आठवतात. आकाशाच्या राखणीचा प्रश्न देशाला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भेडसावला, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या या मुलाचे वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी कष्टाने मुले वाढवली. कराडच्या शाळेत शिकत असताना १९३२ मध्ये तिरंगा फडकवला म्हणून अठरा महिन्यांची सजा झाली. १९४२ मध्ये लग्न झाले आणि लगेच भूमिगत व्हावे लागले. नव्या नवरीला, वेणूताईंनाही तुरुंग पाहावा लागला. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना यशवंतराव लाभले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवशी आमचा भाग हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ते मुख्यमंत्री झाले. दोनच वर्षांत औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले.

पुढे आले १९६२. चिनी फौजा हिमालय उतरत होत्या. पण आपली लढाऊ विमाने त्यांच्यावर हल्ल्याला निघाली नाहीत. आपण हल्ला केला आणि चीनने कलकत्त्यावर बाँब टाकले तर काय, ही धास्ती होती. शहरांच्या राखणीला पुरेशी रडार नव्हती, विमानेही नव्हती. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना दोन पत्रे धाडली आणि लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या अमेरिकन वैमानिकांसह मागितल्या. ती पत्रे लोकांना फार उशिरा वाचायला मिळाली. दोनच दिवसांनी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे घराघरात बोलले जाऊ लागले.

१९६३ साल ‘हवाई छत्री’च्या वादात गेले. उघडपणे पाश्चात्त्यांच्या छत्राखाली जावे, असे स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना वाटे. डाव्यांच्या मते त्यात अलिप्ततेला मूठमाती होती. यशवंतरावांनी मधली वाट धरली. रडार घ्यायचे, सराव करायचा, पण विमान आपले आणि वैमानिकही आपला. त्या नोव्हेंबरात अमेरिकन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन हवाई दलांबरोबर ‘शिक्षा’ नावाचा सराव झाला आणि परके वैमानिक आपापल्या घरी परतले.

याची किंमत घराघराने मोजली. माझ्या आजीने संरक्षण निधीला बांगडी दिली, असे घरात सांगतात. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने बंद झाले आणि गावोगावच्या सोनारांच्या पोटावर पाय आला. त्याच काळात आमच्या पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर धरणांची कामे चालू होती. विमानांना पैसा द्यायचा की पाटाच्या पाण्याला, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नव्हता.

सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाच्या पंचेचाळीस तुकड्या, अशी पाच वर्षांची योजना यशवंतरावांनी आखली. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत विमाने मागायला गेले. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली. अमेरिकेने हवी ती विमाने दिली नाहीत. मग ते मॉस्कोला गेले. मिग विमानांच्या कारखान्याला वेग आला आणि तो नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने अणुस्फोट केला आणि छत्रीची गरज दुपटीने वाढली.

१ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. हवाई दलप्रमुख अर्जनसिंग परवानगी मागायला आले आणि यशवंतरावांनी ती तिथल्या तिथे दिली. सूर्य मावळण्याआधी विमाने पठाणकोटहून उडाली. तीन वर्षांपूर्वी जे देशाला धजले नव्हते, ते काही मिनिटांत ठरले. पण ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याच पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानी विमानांनी झडप घातली. आपली दहा विमाने जमिनीवरच जळाली. त्यांत दोन नवी कोरी मिग होती. छत्री अजून अपुरी होती, हे त्या आगीने दाखवले.

यशवंतरावांवर कुंपणावर बसण्याचा आरोप पुढे पुष्कळ झाला आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण या एका बाबतीत त्यांनी कुंपण सोडले होते, असे मला वाटते. छत्रीचे कापड कुठूनही आणा, दांडा मात्र आपल्या मुठीत हवा, हे त्यांच्या चार वर्षांचे सार.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि ते आतून खचले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी तेही गेले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचा एकच भाग त्यांच्या हातून झाला. दिल्लीच्या दिवसांचा भाग राहूनच गेला.

रशियाची एस-४०० यंत्रणा घेण्याचा करार २०१८ मध्ये झाला. २००६ पासून आपल्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी क्षेपणास्त्रभेदी अस्त्राच्या चाचण्या घेतल्या आहेत. म्हणजे कापड बाहेरचेही आहे आणि घरचेही. जगातले कोणतेही छत्र सगळा पाऊस अडवत नाही आणि त्याचा खर्च शेवटी पाटाच्या पाण्यातून, शाळेतून, दवाखान्यातूनच येतो. तो किती करायचा, हे दिल्लीने एकट्याने ठरवू नये. ज्यांच्या घरातल्या बांगड्या गेल्या, त्यांनाही ते विचारावे.