पडद्याआडच्या बायकांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव निघाले की पहिली हिंदी स्त्री-वकील एवढेच बहुतेकांना आठवते. शब्बाथशाळेत मुलांना थोर ख्रिस्ती स्त्रियांची माहिती देतानाही आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो. परंतु बाईंच्या आयुष्यातील बरीच वर्षे कोर्टात उभे राहण्यात गेली नाहीत. ती गेली सरकारी नोकरीत, बंगाल-बिहार-ओरिसाच्या जमीनदारी वाड्यांतून फिरण्यात. ती हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते, म्हणून आज ती थोड्या विस्ताराने सांगत आहो.

बाईंचा जन्म नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजी झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणीच ख्रिस्ती झाल्यामुळे त्यांना आपल्या लोकांकडून पुष्कळ छळ सोसावा लागला. पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात होते. आई फ्रान्सिना यांना फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने लहानपणी आपल्या घरी वाढविले होते. त्या घरच्या लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचेच नाव मुलीला दिले. कॉर्नेलियाबाईंच्या बालपणाचा काही काळ बेळगावात गेला, हे तिकडील आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे. नंतर कुटुंब पुण्यास आले. तेथे फ्रान्सिनाबाईंनी शाळा काढल्या व निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका बाकावर बसविली. घर मोठे, मुली पुष्कळ, आणि प्रत्येकीने काहीतरी काम शिकलेच पाहिजे अशी आईची शिस्त. धाकटी सुसी पुण्याच्या सेंट हेलेनाज् शाळेची संस्थापक झाली. ॲलिस डॉक्टर होऊन सरहद्दीवर बन्नू येथे रुग्णसेवेत राहिली.

वकिलीचे बीजही त्याच घरात पडले. एकदा एक श्रीमंत गुजराती विधवा फ्रान्सिनाबाईंकडे रडत आली. तिच्या कारभाऱ्याने कसल्याशा कागदावर तिची सही घेतली होती, आणि त्या एका सहीने तिची सारी मिळकत त्याच्या घशात गेली होती. अशा बायकांना मदत करावयाची असेल तर कायदा शीक, असे आईने लहानग्या कॉर्नेलियाला सांगितले. बाईंनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांत ही एकटी मुलगी. तोंडावर दार लावून घेणारेही तेथे होते. तरी तिने पहिला वर्ग मिळविला आणि मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर ठरली. त्या यशाबरोबर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, पण ती पुरुषांसाठी आहे असे उत्तर आले! मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले. इकडे इंग्लंडात लेडी हॉबहाउस यांनी वर्गणीचा फंड उभा केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही त्यात हातभार लावला. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये बी.सी.एल. परीक्षेची वेळ आली तेव्हा स्त्रीने पुरुषांबरोबर बसावे की नाही यावर खल झाला. बाई स्वतंत्र बसावयास तयार नव्हत्या, तेव्हा विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, उत्तीर्णही झाल्या. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये आरंभ केला, तोवर वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

१८९४ साली त्या परतल्या. १८९७ मध्ये मुंबईची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबादची वकिली परीक्षा, दोन्ही दिल्या. कोर्टाचे दार तरीही बंदच. संस्थानांतून मात्र कधीमधी काम मिळे. एका हत्तीच्या हक्कासाठी त्या एका राजासमोर उभ्या राहिल्या होत्या. राजाने एकही मुद्दा न ऐकता निकाल त्यांच्या बाजूने दिला. कारण काय, तर राजाच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या! मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, मुले हसतील. एवढे शिकून मिळालेला हा विजय आम्हांला मात्र काहीसा करुण वाटतो.

आता मुख्य कामाकडे वळू. त्या काळी एखादा जमीनदार अज्ञान वारस मागे ठेवून वारला की सरकारचे कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स हे खाते इस्टेटीचा कारभार हाती घेई. विधवा आत, जनान्यात. परपुरुषाने तिला पाहावयाचे नाही, तिने त्याच्याशी बोलावयाचे नाही. वकील, मॅनेजर, कलेक्टर सारे पडद्याच्या बाहेर. कागद आत जाई आणि अंगठा उठून बाहेर येई. तो अंगठा कोणाचा, बाईला मजकूर वाचून दाखविला की नाही, हे कोण पाहणार? नातलग व कारभारी यांना याहून सोयीचे दुसरे काय हवे! कित्येकदा इस्टेटीच्या लोभाने लहान वारसाच्या जिवालाही धोका असे.

बाईंनी १९०२ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसकडे मागणी केली की अशा स्त्रिया व मुले यांच्यासाठी सरकारने एक स्त्री कायदेसल्लागार नेमावी. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा व आसाम हे भागही त्यांच्याकडे आले. आगगाडी, होडी, पालखी, प्रसंगी हत्ती, मिळेल त्या वाहनाने त्या जात. वाड्यात गेल्यावर जमिनीवर बसून आधी मुलाबाळांची चौकशी, आजारपणाची विचारपूस, आणि मग कागद. पोटगी किती मिळते, मुलाला शिकवणारा कोण, मुलीच्या लग्नाचा खर्च कोठून निघणार, सासूसुनेचे भांडण दाव्यापर्यंत जाण्याआधी मिटेल का, हे सारे त्यांच्या कामात मोडे. वीसएक वर्षांत सुमारे ६०० स्त्रिया व मुले यांना त्यांचे साहाय्य झाले, काहींना तर एक पैसाही न घेता.

त्या स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती. पण जनान्यात त्या सरकारी अधिकारी व मैत्रीण म्हणून गेल्या. त्या बायकांचे व्रत, सोवळे, पूजा यांचा त्यांनी मान ठेवला. म्हणूनच पिढ्यानपिढ्या बंद असलेली दारे त्यांना उघडली, असे आमचे मत आहे. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पदक दिले तरी दर्जा व अधिकार यांसाठी वरिष्ठांशी त्यांचा झगडा चालूच राहिला.

१९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना हा व्यवसाय देशभर मोकळा झाला आणि १९२४ पासून त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या. तोवर साठी जवळ आली होती. कोर्टात बोलण्याची संधी थोडी मिळे, लेखी सल्ल्याचेच काम अधिक येई.

पुढचा भाग सांगणे अवघड आहे, पण तो गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्रिटिश राज्यावर बाईंची श्रद्धा अढळ होती. आधी शिक्षण, मग राजकारण, हा त्यांचा आग्रह. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला. १९३१ मध्ये लंडनला गांधीजींची भेट झाली तरी मत बदलले नाही. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचे हिंदुस्थानची निंदा करणारे पुस्तक निघाले, तेव्हा बाई मेयोच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याने देशातील सुशिक्षित स्त्रिया दुखावल्या, आणि खेडोपाडी समाजसेवा पोचविण्याच्या त्यांच्या योजनेचा आधारच तुटला. पडद्याआडचे दुःख त्यांनी इतके जवळून पाहिले होते की त्यावर बोलणारा कोणीही त्यांना आपला वाटला असावा. तरी ती चूकच, असे आम्ही म्हणू. रमाबाईंनी विधवांचे दुःख काही कमी पाहिले नव्हते, आणि त्यांचे आपल्या लोकांशी असलेले नाते मात्र तुटले नाही.

१९२९ मध्ये बाई लंडनला जाऊन राहिल्या. १९३१ साली सुसी वारली, तिचे चरित्र त्यांनी लिहिले. आईवडिलांविषयीचे पुस्तक त्याआधीच लिहून झाले होते. १९३४ मध्ये स्वतःच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ६ जुलै १९५४ रोजी लंडनलाच त्यांचा अंत झाला. तोवर देश स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली होती आणि इकडे त्यांचे नाव फारसे कोणी काढीत नव्हते. २०१२ साली लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांच्या रोजनिश्या व पत्रे ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत.