भूचुंबकत्वाचे निष्ठावंत अभ्यासक : नानाभॉय मूस

शेणवा परिसरात घराच्या जोत्यापासून विहिरीच्या बांधणीपर्यंत आपण जो काळा पाषाण वापरतो, त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, तेव्हाच्या भूचुंबकत्वाची दिशा त्या कणांत कायमची कोरली गेली. अशा दगडाने सूक्ष्म चुंबकीय मापन मात्र बिघडते. म्हणूनच अलिबागची वेधशाळा चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून बांधण्यात आली. ती उभारणाऱ्या नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

मूस यांचा जन्म १८५९ साली पारशी कुटुंबात झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केली होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयात व पुढे एडिंबरो येथे शिक्षण घेतलेले मूस १८९६ साली या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

लवकरच मोठे संकट उभे राहिले. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले. जमिनीत झिरपणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे नाजूक चुंबकसूच्या विचलित होणार होत्या आणि १८४१ पासून जपलेली वेधांची परंपरा खंडित होणार होती. मूस यांनी अलिबागची निवड केली. तेथील इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. घाईने स्थलांतर न करता १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेण्यात आले. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची सांगड बसली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोवर हे कार्य सिद्धीस गेले होते. पुढे १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे विवेचन त्यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले व १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे चुंबकत्व उत्पन्न कसे होते, याचा उलगडा त्यांच्या उमेदीच्या काळात झालेला नव्हता. आज आपण जाणतो की, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोहाचा थर आहे. आतील उष्णतेने तो घुसळला जातो, पृथ्वीच्या परिवलनाने त्या प्रवाहांना वळण मिळते आणि त्यातून निर्माण होणारी वीज हे क्षेत्र टिकवून धरते. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांचा मारा ते बव्हंशी परतवते. मंगळाने असे क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी गमावले. त्याचे वातावरण विरळ होण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

१८५९ च्या वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी २००३ साली संशोधकांनी कुलाब्याच्याच नोंदींचा आधार घेतला. तसे वादळ पुन्हा आल्यास उपग्रह व वीजजाळे कोलमडू शकते, म्हणून ती माहिती मोलाची आहे. अलिबागचे वेध आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत चालू आहेत. स्वतःला फळ पाहावयास मिळेल की नाही याची चिंता न करता रोजचे काम चोख करणाऱ्या या ज्ञानसेवकास आमचे विनम्र अभिवादन.