'सेल्फ'चा बाप : चार्ल्स केटरिंग

सकाळी आठचं प्रॅक्टिकल आणि पार्किंगमधली बाईक काही केल्या स्टार्ट होत नाही, हा प्रसंग हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेला असतो. मग अख्खी विंग जमते. एक म्हणतो पेट्रोल संपलं, दुसरा म्हणतो कार्बोरेटर, तिसरा काही न बोलता किक मारत राहतो. शेवटी एखादा शहाणा प्लग काढून इंजिनला टेकवतो आणि बघतो, ठिणगी पडते का? अर्धं निदान तिथेच होतं. ही ठिणगी भरवशाची करणारा आणि गाडीला 'सेल्फ' देणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. डोळे लहानपणापासून अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. गावात काही दिवस मास्तरकी करून तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला, पण डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज सुटलं. मग टेलिफोन कंपनीत खांबांसाठी खड्डे खणायचं काम पत्करलं. तिथे तारा, जोडण्या, फॉल्ट यांची गोडी लागली. तो परत कॉलेजात आला. रूममेट पुस्तकं वाचून दाखवायचे आणि हा ऐकून अभ्यास करायचा. १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री हातात पडली तेव्हा त्याला अठ्ठाविसावं संपत आलं होतं. वर्ष गेलं म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पहिली नोकरी डेटन शहरात, गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तिथे त्याने हाताने फिरवायच्या मशीनला मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालवायची नव्हती, क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं. त्यामुळे लहान मोटरवर थोडा वेळ जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या काळी गाड्यांचं इग्निशन म्हणजे डोकेदुखी होती. बॅटरीवरची कॉइल एका ठिणगीऐवजी ठिणग्यांचा पाऊस पाडायची आणि सेल लवकर उतरायचे. मॅग्नेटो असेल तर हँडलने हळू फिरवताना ठिणगी कमजोर पडायची. केटरिंगचा सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक कोठार होतं. तिथे ही मंडळी नोकरी सांभाळून रात्री काम करायची. त्यातून १९०९ साली नेमक्या वेळी एकच जोरदार ठिणगी देणारं इग्निशन तयार झालं. कॅडिलॅक कंपनीने ते घेतलं आणि 'डेल्को' कंपनी उभी राहिली.

पुढे रूढ झालेली त्याची रचना आपल्या ओळखीची आहे. बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर, प्लग. पॉइंट उघडला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि हजारो व्होल्ट तयार होतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या बॉनेटखाली हीच साखळी होती. १९६७ साली माझदाची रोटरी इंजिनची गाडी आली, तिथेही पाया हाच. फक्त रोटरीत ज्वलनाची जागा लांबट आणि अरुंद, म्हणून एका रोटरला दोन प्लग. त्यांच्या वायरी उलटसुलट झाल्या की गाडी रुसलीच.

या साखळीचा मोठा गुण म्हणजे ती टप्प्याटप्प्याने तपासता येते. स्विच ऑन करून कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा. पेटला नाही तर दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये. पेटला तर लॅम्प पॉइंटकडच्या टोकाला लावून इंजिन फिरवा. लुकलुकला तर पॉइंट काम करतोय. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट जुळत नाही. अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाही किंवा कॉइल तुटली आहे. लुकलुकूनही ठिणगी नसेल तर कंडेन्सर, कॉइल, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी. अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत.

पण स्टार्ट करायला हँडल होतंच. ते उलटा झटका मारून हात मोडायचं. १९०८ साली बायरन कार्टर हा मोटार कारखानदार बंद पडलेली एक गाडी चालू करताना असाच जखमी झाला आणि पुढे त्यातच गेला, असं सांगतात. तो कॅडिलॅकच्या हेन्री लीलँडचा मित्र. लीलँडने केटरिंगला गाठलं. केटरिंगला गल्ल्याची मोटर आठवली. इंजिन चालू व्हायला क्षणभराचाच तर जोर लागतो! १९११ साली सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! गाड्या 'नॉक' करू लागल्या तेव्हा लोकांनी खापर केटरिंगच्या इग्निशनवर फोडलं. त्याने शोध घेतला, तर दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीला १९२१ साली उपाय सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोलने नॉकिंग कमी होतं, हेही या मंडळींना ठाऊक होतं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या रिफायनरीत हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी शिसं विकलं गेलं, आणि ते विकणाऱ्या कंपनीचा पहिला अध्यक्ष होता स्वतः केटरिंग. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातला शेवटचा पंप २०२१ साली अल्जीरियात. मधल्या काळात किती पोरांच्या मेंदूत ते शिसं गेलं असेल!

केटरिंग १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. न्यूयॉर्कमधल्या कॅन्सर संशोधन संस्थेला १९४५ पासून त्याचं नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी तो गेला.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. इंजिनचा फॉल्ट त्याने प्लगपासून बॅटरीपर्यंत आणि तिथून इंधनापर्यंत शोधला. फक्त सायलेन्सरमधून बाहेर काय पडतंय, तिथवर तो गेला नाही. मित्रांनो, उद्या आपणही काहीतरी बनवू. गाडी स्टार्ट झाली की टाळ्या जरूर वाजवा, पण एकदा मागे जाऊन धूरही बघा.