दुष्काळाचे नियम गावात नेणारा रत्नागिरीकर

रत्नागिरीत टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. स्वराज्य, मंडाले, गणेशोत्सव हे तर शाळेत घोकलेले असते. पण दुष्काळात शेतकऱ्याने काय करावे हे सांगायला या माणसाने केवढी धडपड केली, ते फारसे कुणी सांगत नाही. म्हणून आज तेवढेच.

जन्म २३ जुलै १८५६. मूळ गाव दापोलीकडचे चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली झाली तसे कुटुंब १८६६ मध्ये पुण्याला गेले. पुढे बळवंतराव कायद्याचे पदवीधर झाले, १८८१ मध्ये केसरी निघाला. त्यांचे कायद्याचे शिक्षण लक्षात ठेवा, तेच पुढे कामाला आले.

१८९६ साली घाटावर पावसाने दगा दिला. पिके करपली, धान्य महागले आणि वर साऱ्याचा तगादा. सारा भरायचा तर बैल विका, नाहीतर सावकाराचे दार धरा. बैलच गेला तर पुढच्या वर्षी पाऊस पडून उपयोग काय? आता गंमत बघा. सरकारचाच दुष्काळ निवारणाचा नियमसंग्रह तयार होता. पीक बुडाले तर साऱ्यात सवलत, रिकाम्या हाताला काम, अशा तरतुदी होत्या. पण गावात त्याचा कुणाला पत्ता? टिळकांनी सार्वजनिक सभेमार्फत ही माहिती मराठीत छापून वाटली, गावोगाव माणसे पाठवून सभा घेतल्या, पिकांची हकिगत गोळा केली. सांगणे सरळ होते. ऐपत असेल त्याने सारा भरावा. ज्याच्या शेतात काही पिकलेच नाही त्याने गुरे-भांडी विकून भरू नये, हक्काची सवलत मागावी. धान्याची दुकाने लुटू नका, हेही बजावले. सोलापुरात विणकरांचे माग थांबले तेव्हा स्वतः तिथे जाऊन मदतीची योजना आखली. सरकारला ती मानवली नाही. १८९७ मध्ये सभेची सरकारी मान्यताच गेली. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १८ महिन्यांची शिक्षा झाली.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे पंचनाम्याला फिरताना मला हे सारखे आठवायचे. कलमं आडवी पडलेली, आणि कुठला कागद लागतो हेच बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आंबा-काजूच्या विम्याचेही तेच. किती तापमान, किती अवेळी पाऊस झाला की भरपाई, हे शासन निर्णयात छापलेले असते. नोंद धरतात ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची. आपण हप्ता भरतो, पण तो कागद काही मागून घेत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. टिळकांचे घराणे खोतांचे. १८९९ च्या सुमारास सरकार खोतीच्या कायद्यात बदल करू पाहत होते, तेव्हा त्यांनी खोतांची बाजू घेतली. घाटावरच्या रयतेचा सारा त्यांना दिसला, आपल्या कोकणातल्या कुळाचा खंड तितका दिसला नाही, असे माझे मत. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत ते वारले. आपल्याकडची खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला.