नकाशाकार इनो तादाताका

पन्नाशी जवळ आली की माणसाने प्रपंचाचा भार मुलाच्या स्वाधीन करावा आणि उरलेले आयुष्य निवांतपणे घालवावे, अशी जपानमध्ये जुनी रीत होती. इनो तादाताका यांनी ही रीत अर्धीच पाळली. भार त्यांनी मुलाच्या स्वाधीन केला. निवांतपणा मात्र त्यांना नको होता.

त्यांचा जन्म १७४५ साली जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील कोझेकी या खेड्यात झाला. सहाव्या वर्षीच आई वारली. सतराव्या वर्षी सावारा येथील इनो या व्यापारी घराण्याने त्यांना जावई करून घेतले आणि आपले नावही दिले. धान्याचा व्यापार करणे आणि तांदळापासून साके नावाचे मद्य तयार करणे हा त्या घराण्याचा व्यवसाय. त्याला उतरती कळा लागली होती. तादाताकांनी काटकसरीने व सचोटीने तो पुन्हा ऊर्जितावस्थेला आणला. १७८३ नंतर देशात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी गावातील गरजूंना तांदूळ वाटला. अशी तीस-बत्तीस वर्षे गेली. आकाशातील ग्रहताऱ्यांचे आणि गणिताचे वेड त्यांना होते. पण दुकानाच्या हिशेबांतून त्यासाठी सवड मिळत नसे.

ती सवड त्यांनी पन्नासाव्या वर्षी काढली. १७९५ साली ते एदो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोत, राहावयास गेले आणि शासनाचे ज्योतिर्विद ताकाहाशी योशितोकी यांचे शिष्य झाले. गुरूंचे वय एकतीस! शिष्य गुरूंहून एकोणीस वर्षांनी मोठा. केस पिकू लागलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याने एका तरुणापुढे विद्यार्थी म्हणून बसावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. तो दोघांपाशीही होता.

योशितोकी त्या वेळी देशाचे पंचांग सुधारण्याच्या कामात गुंतले होते. त्यासाठी पृथ्वीचा आकार नेमका किती, हे कळणे अगत्याचे होते. उत्तरेकडे चालत गेले की ध्रुवतारा क्षितिजापासून थोडा थोडा वर चढलेला दिसतो. तो एक अंश वर येईपर्यंत जितके अंतर चालावे लागेल, त्याच्या तीनशेसाठ पट पृथ्वीचा परीघ होय. तादाताकांनी लगेच आपल्या घरापासून वेधशाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले आणि हिशेब मांडला. योशितोकींनी तो मान्य केला नाही. ते अंतर होते जेमतेम तीन किलोमीटरांचे; एवढ्याशा अंतरात मोजणीची किंचित चूकही उत्तर पार बिघडवून टाकते. मोजायचेच तर एदोपासून थेट उत्तरेच्या एझो बेटापर्यंत मोजले पाहिजे, असे त्यांचे मत पडले. एझो म्हणजे आजचे होक्काइदो.

पण त्या काळी मनाला येईल तिकडे प्रवास करण्याची मुभा नव्हती. गुरुशिष्यांनी एक युक्ती योजली. १७९२ साली रशियाचे जहाज एझोच्या किनाऱ्याला लागले होते, तेव्हापासून शासनाला उत्तर सीमेची काळजी लागली होती. त्या भागाचा नकाशा करून देतो, असे सांगून त्यांनी परवानगी मिळवली. नकाशा हे निमित्त. खरा ध्यास पृथ्वीच्या मापाचा होता.

१८०० साली तादाताका निघाले. वय पंचावन्न, सोबत पाच माणसे. शासनाने थोडी रक्कम दिली. बाकीचा खर्च पदरचा. एकसारखे पाऊल टाकावयाचे आणि प्रत्येक पाऊल मोजावयाचे, असा दिवसभराचा क्रम. वळणावळणावर होकायंत्राने दिशा टिपावयाची, दूरच्या शिखरांवरून ती पडताळावयाची आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर ताऱ्यांची उंची मोजावयाची. एकशे ऐंशी दिवसांनी ते परत आले. पावलांवर विसंबणे पुरेसे नाही हे त्यांना जाणवले होते. पुढच्या प्रवासांत त्यांनी दोर वापरले आणि नंतर लोखंडी साखळ्या.

एक अंश म्हणजे सुमारे ११०.७५ किलोमीटर, असा निष्कर्ष निघाला. आजच्या मापाशी त्याचा फरक हजारात दोन भागांच्या आसपास आहे. तरीही योशितोकींना शंका होती. १८०३ साली त्यांच्या हाती लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाचा ग्रंथ डच भाषांतराच्या रूपात आला. त्यातील आकड्याशी आपला आकडा जुळतो असे दिसले, तेव्हा दोघांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो आनंद फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी योशितोकी क्षयाने गेले.

योगायोग असा, की भारतातही याच सुमारास असे मोजमाप चालू होते. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासहून त्याला आरंभ केला. पुढे हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला.

पृथ्वीचे माप मिळाले, म्हणून तादाताका थांबले नाहीत. पूर्व जपानचा नकाशा पाहून शासनाने त्यांना सेवेत घेतले आणि पश्चिमेचाही नकाशा करण्यास सांगितले. किनारा तुटक, बेटे असंख्य. १८१६ पर्यंत एकंदर दहा मोहिमा झाल्या. त्यांपैकी वार्धक्यामुळे एकीतच ते स्वतः गेले नाहीत. या वर्षांत ते सुमारे ३५,००० किलोमीटर चालले. खोकल्याने ते बेजार होत. दात पडून एकच उरला आहे, आता लोणचेही खाता येत नाही, असे त्यांनी मुलीला पत्रातून कळवले होते.

नकाशा पुरा होण्याआधीच, १८१८ साली, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे गुरूंच्या शेजारीच त्यांना पुरण्यात आले. काम बंद पडू नये म्हणून शिष्यांनी मृत्यूची बातमी लपवून ठेवली आणि योशितोकींचे पुत्र कागेयासु यांच्या देखरेखीखाली १८२१ साली नकाशा शासनाला सादर केला. त्याचे मोठे पत्रेच २१४ होते.

शासनाने तो गुप्त ठेवला. पुढे कागेयासु यांनी त्याची प्रत सीबोल्ट या परदेशी वैद्याला दिली, आणि या अपराधासाठी त्यांना तुरुंगात मरण आले. १८६१ साली जपानचा किनारा मोजावयास आलेल्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनी हा नकाशा पाहिला आणि आपले बरेचसे काम सोडून दिले. पूर्व-पश्चिम अंतरांत त्यात काही चुका होत्या. किनाऱ्याची रेषा मात्र विलक्षण अचूक होती.

मूळ नकाशा १८७३ साली राजवाड्याच्या आगीत जळाला. इनो घराण्याने जपलेली प्रत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. पुढे २००१ साली अमेरिकेतील काँग्रेसच्या ग्रंथालयात मोठ्या नकाशाच्या २०७ पत्र्यांच्या नकला सापडल्या.