वर्ध्याचा बंडखोर, चापिंगोचा मका

तुमच्यापैकी कोणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री करत असेल, तर प्लांट ब्रीडिंगचा पेपर किती रटाळ वाटू शकतो हे त्याला वेगळं सांगायला नको. संकर, निवड, पुन्हा निवड, पुन्हा तेच. पण याच विषयात हयात घालवलेला एक प्राध्यापक असा होता, ज्याचं नाव इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत होतं, जो अमेरिकेत लष्करी शाळेत शिकला, इराणात इंग्रजांशी लढला आणि ज्याचं चित्र आज मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे. आणि माणूस कुठला? आपल्या शेजारचा. अमरावती जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की जो जिल्हा लागतो ना, तिथला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म 7 नोव्हेंबर 1884, वर्धा. शिक्षण वर्धा आणि मग नागपूर. ते शाळकरी वयात होते तेव्हाच मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर दोन भीषण दुष्काळ कोसळले, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. त्याच काळात टिळकांचं राजकारण तापत होतं. या पोराच्या डोक्यात क्रांती शिरली ती शिरलीच. विशी ओलांडल्यावर त्यांनी देश सोडला. आधी जपान, तिथून अमेरिका.

अमेरिकेत त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी शिकायला घेतल्या. एक, सैनिकी शिक्षण, कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत. दुसरी, शेती, तिथल्या कृषी महाविद्यालयांत. आपल्याला हे कॉम्बिनेशन विचित्र वाटतं. बंदूक आणि नांगर? पण इंग्रजांना हाकलायचं आणि हाकलल्यावर लोकांना खायला घालायचं, असं ज्याला दोन्ही दिसत होतं त्याच्यासाठी तो सरळ हिशोब होता. पैसा नव्हता, मजुरी करून शिकले. पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर होते, त्यांच्यात ऊठबस वाढली आणि 1913 मध्ये जी गदर पार्टी उभी राहिली तिच्या सुरुवातीच्या माणसांत खानखोजे होते. लष्करी बाजू त्यांच्याकडे. सोबत लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना, कर्तारसिंग सराभा. आणखी एक मराठी नाव त्यात होतं, विष्णू गणेश पिंगळे. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर पिंगळे भारतात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला सराभांसोबत फासावर गेले. खानखोजेंची वाट वेगळी होती. ते इराणमार्गे बलुचिस्तानच्या बाजूने भारतात घुसायच्या मोहिमेवर गेले. ती मोहीम फसली. युद्धानंतर बर्लिन, 1921 मध्ये मॉस्को, आणि हाती फारसं काही नाही.

म्हणजे बघा, चाळिशीला आलेला माणूस. देशात जाता येत नाही, बरोबरचे फासावर गेलेले, क्रांती झालेली नाही. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. तिथे नुकतीच एक क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटल्या जात होत्या. राजधानीजवळ चापिंगो नावाची एक जुनी हवेली आणि तिची शेती सरकारने घेतली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विद्यालय तिथे आणलं. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. शिकवायचं ते स्पॅनिशमध्ये.

आता चापिंगोचा भूगोल लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण 2,250 मीटर. आपला चिखलदरा 1,100 च्या आसपास, म्हणजे त्याच्या दुप्पट उंची. मेक्सिकोतल्या गरीब शेतकऱ्याचं सगळं जगणं मक्यावर, आणि या उंचीवर मक्याचे दोन वैरी, हिमतुषार आणि कोरडेपणा. एका रात्रीत दव गोठलं की हिरवं पीक सकाळी काळं. आपल्याकडे गारपीट झाल्यावर संत्र्याच्या बागेत उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला हे समजेल.

खानखोजेंनी यावर जे काम केलं ते ऐकायला साधं आहे. थंडी आणि ताण सोसणारी झाडं शोधायची, जास्त दाणे देणाऱ्या झाडांशी त्यांचा संकर करायचा, पुढच्या पिढीतून टिकलेली निवडायची, पुन्हा पेरायची. मक्यात नर फुलं शेंड्याच्या तुऱ्यात आणि मादी फुलं कणसात, म्हणून तुऱ्यावर पिशवी बांधायची, परागकण गोळा करायचे आणि कणसाच्या केसांवर नेमक्या वेळी सोडायचे. गव्हात फूल स्वतःच फळतं, तिथे चिमट्याने पुंकेसर काढावे लागतात. संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर कळ्या सोलणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील, तीच जात आहे या कामाची. मक्याचा एक रानटी नातेवाईक आहे, टिओसिंटे नावाचं गवत. त्याच्याशीही त्यांनी मक्याचा संकर केला. रानटी नातेवाइकाकडे दाणे बारके, पण अंगात काटकपणा भरपूर. एका हंगामात एक पिढी, आणि वाण हातात यायला वर्षंच्या वर्षं. बॉम्ब बनवायला निघालेल्या माणसाने हा धीर कुठून आणला, हा प्रश्न मला त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. मका, गहू, डाळी, रबर, सगळ्यावर त्यांनी काम केलं.

हीच पद्धत आजही चालते. कॅनडात सस्कॅचेवान विद्यापीठात हॅस्कॅप नावाच्या निळ्या, लांबट बेरीचे वाण याच रीतीने तयार झाले. रशिया, जपान, कुरिल बेटं इथली झुडपं आणून त्यांचे संकर केले गेले. या झुडपाचं उमललेलं फूल उणे 7 अंशातही तग धरतं. आपल्याकडचा आंब्याचा मोहोर तिथे नेला तर काय होईल याची कल्पनाच करा!

खानखोजे प्रयोगशेतात अडकून राहिले नाहीत. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. या शाळांच्या मागे एक मोठा माणूस उभा होता, चित्रकार दिएगो रिवेरा. रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जी भित्तिचित्रं काढली, त्यातल्या एकात जेवणाच्या टेबलाभोवती लोक बसलेत आणि मधोमध भाकरी वाटणारा माणूस आहे. तो आपला खानखोजे. त्यांच्या मक्याचे फोटो काढले टीना मोदोत्तीने, जिचं नाव फोटोग्राफीचा कोर्स करणाऱ्यांनी ऐकलं असेल. काय सर्कल होतं राव या माणसाचं!

1936 मध्ये त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव सावित्री. पुढे तिनेच वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं.

1947 आलं. ज्या दिवसासाठी घर सोडलं तो दिवस उजाडला, पण इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव स्वातंत्र्यानंतरही त्यांना आडवं येत राहिलं. वाचून संताप येतो. कायमचे परतले ते 1955 मध्ये, सत्तरी गाठल्यावर. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. खानखोजे नागपुरात राहिले.

त्यानंतरची गोष्ट तुम्हाला अर्धी माहीत आहे. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांती म्हणतात ती सुरू झाली. तो गहू नॉर्मन बोरलॉग यांच्या कार्यक्रमातला, जो 1940 च्या दशकात तिथे सुरू झाला. तो खानखोजेंचाच गहू होता असं व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलं तर फॉरवर्ड करू नका. पण बोरलॉग मेक्सिकोत पोचण्याआधी वीस वर्षं त्याच मातीत एक विदर्भातला माणूस गव्हा-मक्यावर काम करत होता, हे मात्र बिनधास्त सांगा. 22 जानेवारी 1967 ला खानखोजे नागपुरात वारले, तेव्हा मेक्सिकोतून आलेला तो गहू आपल्या उत्तरेतल्या शेतांत उभा होता.

2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. वीणा गवाणकरांनी, म्हणजे कार्व्हरची गोष्ट मराठीत आणणाऱ्या लेखिकेने, खानखोजेंचंही चरित्र लिहिलंय. कॉलेजच्या लायब्ररीत विचारून पाहा, नसेल तर मागवायला लावा.